नंदुरबार–शहादा–तोरणमाळ: सपाटीवरच्या सायकलपटूंसाठी दोन दिवसांची चढाई

खानदेशात सायकल चालवणाऱ्याला किलोमीटरची कमतरता नाही, चढाची आहे. तापीचं खोरं सपाट आहे. धुळेकरांना लळिंगचा चढ जवळचा, पण दम लागतो न लागतो तोच तो संपतो. चाळीसगावकरांचा कन्नड घाट त्याहून बरा, मात्र तिथला रस्ता अरुंद आणि रहदारी सतत, त्यामुळे एका लयीत चढणं जमत नाही. दीड-दोन तास सलग चढायचं, तेही कमी रहदारीत, तर सातपुड्यात तोरणमाळला जावं लागतं. डिसेंबरातल्या दोन दिवसांच्या फेरीचा हा वृत्तांत. पुढच्या हिवाळ्यात कोणी निघालं तर त्याला उपयोगी पडेल अशा बेताने लिहिला आहे.

आधी ही फेरी वर्षात कुठे बसवायची ते. महाराष्ट्रातल्या हौशी स्पर्धा आणि ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, बहुतेक पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंत होतात. या ब्रेव्हे भरवणाऱ्या ऑडॅक्स संस्थेचं वर्षही १ नोव्हेंबरला सुरू होतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्या दोन महिन्यांत पहाटेचा तास-दीड तास सोडला तर सायकलवर काही कमावता येत नाही, जमवलेलं टिकलं तरी पुष्कळ. म्हणून पाया जुलै ते सप्टेंबरमध्ये घालायचा. आठवड्याला सहा ते आठ तास, बोलता येईल इतक्याच वेगात. पश्चिमेचा वारा तेव्हा जोरात असतो, साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या डोंगरावर त्याच वाऱ्यावर पवनचक्क्या चालतात. जाताना पश्चिमेकडे तोंड करून निघा. समोरून वारा घेत जड गिअरवर मिनिटाला पेडलच्या ५५-६० फेऱ्यांनी दहा-दहा मिनिटं चालवलं की घाट नसलेल्या गावातही मांड्यांना घाटासारखाच भार मिळतो. गुडघा दुखरा असेल तर हा व्यायाम करू नका.

ऑक्टोबरमध्ये आठवड्यातून दोन दिवस नेट लावायचा. मंगळवारी आठ मिनिटांचे चार जोरकस तुकडे, मधे चार मिनिटं हलकं. गुरुवारी वीस मिनिटांचे दोन तुकडे, जरा खालच्या जोरावर. रविवारी १०० ते १२० किलोमीटर. नोव्हेंबरात हाच क्रम लळिंग किंवा कन्नडच्या चढावर न्यायचा. तोरणमाळ मुख्य स्पर्धेच्या तीन ते चार आठवडे आधी करावं. त्याहून उशिरा केलं तर थकवा अंगात राहतो आणि स्पर्धेच्या दिवशी पाय जड पडतात. ही चूक दरवर्षी कोणी ना कोणी करतं. स्पर्धेच्या आदल्या दहा दिवसांत अंतर निम्म्यावर आणा, पण छोटे जोरकस तुकडे सोडू नका. नुसती विश्रांती घेतली तर पाय सुस्तावतात.

आता रस्ता. नंदुरबार सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावर आहे. त्यामुळे जळगाव, भुसावळ, अमळनेर, दोंडाईचा, सगळीकडून चाकं काढून पिशवीत घातलेली सायकल घेऊन येता येतं. मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) हँगरसकट, म्हणजे तो फ्रेमला जोडणाऱ्या पट्टीसकट, सोडवून फ्रेमच्या आत बांधा. गर्दीत पिशवीवर सामान पडलं की सगळ्यात आधी हँगर वाकतो. सुटा हँगर आपल्या मॉडेलचाच जवळ हवा, कारण प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि तो शहाद्यात मिळेल या आशेवर राहू नये.

नंदुरबारहून प्रकाशा, शहादा, म्हसावद, राणीपूर आणि मग तोरणमाळ. एकूण नव्वद किलोमीटरच्या आसपास. पहिले साठेक जवळजवळ सपाट. डिसेंबरात इथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणून सव्वासहाला पुढचा-मागचा दिवा लावून निघालं तर अंधाराचे किलोमीटर थोडेच राहतात. गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या लागतात, लालभडक आणि बघण्यासारख्या. पण वारा तिकडून येत असेल तर डोळे आणि घसा दोन्ही पेटतात. बिनरंगी चष्मा आणि पातळ रुमाल खिशात नको, तोंडावर हवा. एकदा खोकल्याची उबळ आली की अर्धा तास श्वासाची लय बसत नाही.

प्रकाशाला तापी ओलांडायची. पुलाच्या सांध्यांवर चाक आडवं पडू देऊ नका, सरळ काटकोनात घ्या. पुढे शहादा परिसर ऊस, पपई आणि केळीचा. गळीत हंगाम चालू असल्याने ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. ऊस बाजूला हातभर बाहेर आलेला असतो आणि मागे दिवा असेलच असं नाही. त्यांना ओलांडताना समोरचा रस्ता पूर्ण मोकळा दिसला पाहिजे. त्यांच्या मागे वाऱ्याच्या आडोशाला राहण्याचा मोह टाळा, कारण ट्रॉलीतून निसटलेलं कांडकं थेट पुढच्या चाकाखाली येतं. शेतातून रस्त्यावर आलेल्या काळ्या मातीच्या गोळ्यांवर, दवाने ओल्या असतील तर, ब्रेक दाबू नका.

पंक्चर झाली ती सगळी या सपाटीवर, घाटात एकही नाही. कारण दोन. वेड्या बाभळीचा काटा आणि सराटा. रस्त्याची कड सोडून हातभर आत चालवलं तर निम्मा त्रास वाचतो. चहासाठी सायकल कच्च्यावर ढकलत नेऊ नका, उचलून न्या. सराटे तिथेच असतात. पंक्चर काढताना घाई नडते. ट्यूब बदलली, हवा भरली, आणि दोन किलोमीटरवर पुन्हा बसली, असं झालं तर काट्याचं टोक टायरमध्येच राहिलेलं असतं. टायर आतून बोटाने चाचपताना हे टोक लागत नाही. कापसाचा बोळा किंवा जुना पायमोजा आतून फिरवा, अडकेल तिथे काटा. चिमटा नसेल तर टायर त्या जागी उलटा दुमडला की टोक वर येतं. ठिगळ लावायचं असेल तर ट्यूब घासून सोल्युशन पातळ लावा आणि हाताला चिकटेनासं होईपर्यंत, साधारण पाच मिनिटं, थांबा. ओल्या सोल्युशनवर लावलेलं ठिगळ घाटाच्या उतारावर रिम तापली की सुटतं.

माणशी दोन ट्यूब, सहा ठिगळं, टायर काढायचे दोन लिव्हर आणि छोटा पंप घ्या. बारीक व्हॉल्व्हच्या ट्यूब असतील तर पितळी अडॉप्टर विसरू नका. तो बसवला की कुठल्याही पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा भरता येते, नाहीतर दुकान समोर असून उपयोग नाही. टायर २८ मिलिमीटरचे हवेत. ७० किलोच्या माणसाला पुढे ७० आणि मागे ७५ पीएसआय हवेचा दाब पुरतो. २३ मिलिमीटरमध्ये ११० भरून येणाऱ्यांना या रस्त्यावर मनगटं दुखण्यापलीकडे काही मिळत नाही. ट्यूबलेस वापरणाऱ्यांनी आतलं सीलंट (छिद्र बुजवणारं द्रव) निघण्यापूर्वी बघावं. आपल्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत वाळून जातं.

शहाद्याला आठ-सव्वाआठला पोहोचलं तर नाश्ता तिथेच करा. पोहे, दोन केळी, चहा. तळलेलं नको. आदल्या रात्रीही शेवभाजी आणि तर्री टाळून वरण-भात किंवा भाकरी खाल्लेली बरी. खानदेशी तिखट आम्हालाही प्यारं आहे, पण ते तोरणमाळहून उतरल्यावर. शहादा सोडताना बाटल्या पूर्ण भरा, म्हसावदला पुन्हा भरा. चढासाठी माणशी दीड लिटर धरा, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. ते पाऊण लिटरच्या बाटलीत ओतलं की द्रावण दाट होतं, तहान वाढते, कोणाला मळमळतं. पाकीट अख्खं न टाकता तीन-चतुर्थांश टाका, उरलेलं घडी घालून ठेवा. दुसऱ्या बाटलीत साधं पाणी. दर तासाला ५० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. दोन मध्यम केळ्यांत जवळपास तेवढी मिळतात. केळी पाठीच्या खिशात चिरडतात, म्हणून चढावर राजगिऱ्याचे लाडू, खजूर आणि गूळ-शेंगदाण्याची चिक्की सोयीची. भूक लागायच्या आधी, घड्याळ बघून खायचं.

आता मुख्य गोष्ट. शहादा समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आसपास, तोरणमाळ सुमारे ११५० मीटर. हजार मीटरची ही उंची बहुतेक सगळी राणीपूरनंतर चढायची असते. सपाटीवर सवय झालेला सायकलपटू इथे हमखास एकच चूक करतो. गटात ३० च्या वेगाने म्हसावदपर्यंत येतो आणि चढाची पहिली दहा मिनिटंही त्याच जोशात मारतो. चढ सुरुवातीला सौम्य असल्याने ते जमतंही. मग घाट उभा राहतो तेव्हा पायात काही उरत नाही. त्यामुळे पहिल्या साठ किलोमीटरचा वेग २३-२४ च्या वर नेऊ नका आणि राणीपूरनंतरची पहिली वीस मिनिटं मुद्दाम हळू घ्या, शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकी हळू.

गिअरचं गणित घरीच करून या. माणूस ७० किलो, सायकल आणि सामान १० किलो धरलं, तर सहा टक्के चढावर ताशी १० किलोमीटर वेगाला साधारण १५० ते १५५ वॉट लागतात. त्याच वेगाला पुढे ३४ आणि मागे ३२ दातींची चकती असेल तर पेडलच्या मिनिटाला ७५ फेऱ्या होतात. मागे २८ असेल तर ६५. पुढे ३९ आणि मागे २५ अशी जुनी जोडी असेल तर ५१, म्हणजे प्रत्येक फेरीला जिना चढल्यासारखा जोर. तासभर ५१ ने चालवणं गुडघ्यांना परवडत नाही. मोठी चकती ३२ किंवा ३४ दातींची असलेली कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बसवून घ्या. एवढ्या मोठ्या कॅसेटला मागचा डिरेलर पुरतो का आणि चेनची लांबी बरोबर आहे का, हे दुकानातच पुढची आणि मागची सर्वांत मोठी चकती जोडीने लावून तपासा. चेन आखूड असेल तर ऐन चढावर डिरेलर ओढला जाऊन तुटतो.

सातपायरीची वळणं हा या रस्त्याचा सर्वांत सुंदर आणि सर्वांत कष्टाचा भाग. वळणाच्या आतल्या बाजूला चढ एकदम उभा होतो. मागून-पुढून गाडी नाही याची खात्री करून आपल्या बाजूतच जरा बाहेरून वळा आणि वळणाच्या आधी एक गिअर हलका करा, वळणात शिरल्यावर नाही. जोरात दाबलेल्या पेडलवर गिअर बदलला की चेन घसरते. उभं राहून चालवायचं ते वळणावर दहा-बारा फेऱ्याच, नंतर पुन्हा बसून. पाठ आखडली की तेवढ्यापुरतं उभं राहणं पुरतं.

बाराच्या सुमारास वर पोहोचलं म्हणजे ऊन चढायच्या आत चढ संपतो. यशवंत तलावाकाठी बसल्या बसल्या अंगातला ओला जर्सी लगेच बदला. वर हवा थंड असते आणि रात्री तर चांगलीच. मुक्कामाच्या सोयी मोजक्या आहेत, आधी ठरवून या. महाशिवरात्रीच्या यात्रेत आणि होळीच्या आधी आदिवासींच्या भोंगऱ्या बाजाराच्या दिवसांत रस्ता जीपगाड्या आणि पायी माणसांनी भरलेला असतो. तो त्यांचा सण आहे, आपण सरावासाठी दुसरी तारीख धरावी. मोबाइलच्या नेटवर्कवर विसंबू नका. गटात कुठे भेटायचं ते खालीच ठरवा, आणि नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. पावसाळ्यात घाटात दरड येते, त्या दिवसांत म्हसावदला चौकशी केल्याशिवाय वर निघू नये.

चढाची तयारी सगळे करतात, उताराची कोणी करत नाही. दुसऱ्या दिवशी ऊन रस्त्यावर येईपर्यंत निघू नका. सावलीतल्या वळणांवर दव आणि पाला असतो. ब्रेक सतत धरून ठेवला की रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. डिस्क असेल तर पॅड गुळगुळीत होऊन पकड जाते. पद्धत अशी: सरळ भागात वेग थोडा येऊ द्या, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक मिळून दोन-तीन सेकंद जोरात, मग पूर्ण मोकळे, वळण ब्रेकविना. हात खालच्या दांडीवर. कार्बनच्या रिमचे रिम-ब्रेक घेऊन इथे येऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. आंधळ्या वळणावर एसटी किंवा जीप पूर्ण रस्ता घेऊन येते, शेळ्याही असतात. मधली रेषा आपली हद्द समजा. छातीवर जर्सीच्या आत वर्तमानपत्राची घडी घातली की गारठा लागत नाही, राणीपूरला काढून टाका. तिथे थांबून रिम किंवा डिस्क गार होऊ द्या. डिस्कला बोट लावून बघू नका, चटका बसतो. ब्रेक शूमध्ये रुतलेले खडे टोकदार वस्तूने काढा, नाहीतर ते रिमवर चर पाडतात.

परतीचे साठ किलोमीटर हलक्या गिअरवर, ८५-९० फेऱ्यांनी. पुढचे दोन दिवस सायकल नाही, तिसऱ्या दिवशी तासभर सावकाश. सकाळी उठल्याउठल्या नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त असेल तर आणखी एक दिवस थांबा. राणीपूर ते तोरणमाळ लागलेला वेळ, तेव्हाचं वजन आणि वापरलेले गिअर वहीत लिहा. पुढच्या डिसेंबरात त्याच जागेपासून, त्याच गिअरवर वेळ घेतली तरच तुलना खरी ठरते.