गुडघा गप्प होता, तरी

आज लाँग रन झाला आणि गुडघा दुखला नाही. म्हणजे अजिबातच नाही. सुरुवातीला जी एक बारीक चमक येते ती नाही, उताराला लागल्यावर वाटीच्या खाली टोचतं ते नाही, घरी येऊन जिना चढताना कठडा धरावा लागतो तेही नाही. घरात एखादं किरकिरं म्हातारं माणूस असावं आणि एके दिवशी ते सकाळपासून काहीच बोलू नये, मग सगळे कसे कान टवकारतात, तशी मी पूर्ण वेळ त्या गुडघ्याकडे कान लावून पळत होते. खूश व्हायला हवं होतं ना? झालेही. वॉच बघेपर्यंत.

पेस तोच. किलोमीटरला आठ मिनिटं आणि वर काही सेकंद. दुखत असताना जो होता तोच.

दिवसभर एवढंच डोक्यात घोळतंय. गुडघा दुखत नव्हता, मग मी हळू का पळत होते?

आता मी खोटं बोलत होते असं कोणी म्हणू नये, दुखत होतंच. कॉलेजात खेळताना लिगामेंट तुटलं, सर्जरी झाली, हॅमस्ट्रिंगचं टेंडन काढून तिथे लावलं, मेनिस्कसचा, म्हणजे गुडघ्यातल्या गादीचा, एक तुकडाही कापून टाकला, आणि तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता पळण्याबिळण्याचा विचार सोडा. मी सोडला. इतका सोडला की पुढे कुठलंही काम, कुठलीही चढण, कुठलंही 'चल ना गं' आलं की उत्तर तयार, माझा गुडघा आहे ना. घरच्यांनाही पाठ होतं ते, माझ्याआधी तेच सांगायचे. खांदा नंतर निखळला, तो वेगळाच अध्याय, पण मान गुडघ्यालाच पहिला.

आणि गंमत म्हणजे ट्रायथलॉनकडे मी वळले तेही गुडघ्यामुळेच. पाण्यात गुडघ्यावर भार नाही, सायकलवर फारसा नाही, पळणं काय शेवटी शेवटी थोडंसं, असा हिशेब होता. थोडंसं म्हणजे २१.१ किलोमीटर, ते फॉर्म भरताना नीट दिसलं. पाण्यातही गुडघा सोबत होताच, ब्रेस्टस्ट्रोकची किक बंद कारण ती गुडघ्याला आडवं पिळते, म्हणून फ्रीस्टाइल, आणि सुरुवातीला पायात पुल बॉय, म्हणजे तरंगणारा फोमचा तुकडा, अडकवून नुसत्या हातांनी, तर तिथे खांदा उठून उभा राहिला. सायकलची सीट वर घेतली, पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा वाक राहील इतकी, कारण सीट खाली असली की वाटीवर दाब येतो. जड गिअर नको, हलका गिअर आणि मिनिटाला ८५-९० फेरे. प्रत्येक गोष्ट त्याला विचारून. इतकी मर्जी मी आणखी कोणाचीही सांभाळली नाहीये, असो.

तर एवढं सगळं करून साहेब खरंच शांत झाले, आणि वॉचवर आकडा तोच. म्हणजे इतकी वर्षं ज्याच्या नावावर बिल फाडत होते त्याचा याच्याशी काही संबंधच नव्हता की काय? तो आकडा माझाच होता? नुसता माझा?

मग वाचत बसले, जे करू नये ते. तिशीनंतर व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, दर दहा वर्षांना साधारण १० टक्क्यांनी उतरतो, नियमित व्यायाम करणाऱ्यांचा त्याच्या निम्म्याच वेगाने उतरू शकतो. म्हणजे मी गुडघा जपत बसून होते त्या सगळ्या वर्षांत माझा उतार पूर्ण वेगाने चालू होता. गुडघ्याने पळू दिलं नाही, आणि आता पळू देतोय तर पळायला लागतं ते बाकीचं संपत आलंय. हे वाचल्यावर मात्र खरंच रडू आलं. ती वर्षं मला कोण परत देणार? त्यात या वयात बायकांचं जे असतं ते चालूच आहे, रात्री तीनला घामाने जाग, आणि पाचला गजर. आईने परवा विचारलं, हे सगळं कशासाठी गं. त्याचं उत्तर कधीतरी वेगळं लिहीन. किंवा नाही.

वयाचंही बघा. मला पन्नास पूर्ण व्हायला रेसनंतरही बरेच महिने आहेत, पण एज ग्रुप ठरवताना रेसच्या दिवशीचं वय धरत नाहीत, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला जे असेल ते धरतात. म्हणून मी आत्ताच ५०-५४ मध्ये. आधी राग आला होता. आज म्हटलं, चला, गुडघा गेला तर निदान वय तरी कामाला येईल. तर कोणीतरी नेमका आजच त्या जपानी आजोबांचा फोटो पाठवला. हिरोमू इनादा. सत्तरीला टेकल्यावर ट्रायथलॉन सुरू केली, २०१५ मध्ये हवाईच्या कोना इथे आयर्नमन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनची कट-ऑफ, म्हणजे रेस संपवायची शेवटची मुदत, अवघ्या ५ सेकंदांनी हुकली, आणि २०१८ मध्ये ८५व्या वर्षी तिथेच रेस पूर्ण केली. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल आणि वर अख्खी मॅरेथॉन. मी जी करणार आहे ती बरोबर याच्या निम्मी. असले फोटो लोक धीर द्यायला पाठवतात. मला धास्तीच वाटते. त्यांच्यानंतर वयाच्या नावावरही काही खपवता येत नाही. आणि ५ सेकंदांनी हुकल्यावर त्यांनी कशावर खापर फोडलं असेल? मी तर फोडण्यासाठी शरीराचा एकेक सांधा शोधला असता.

संध्याकाळी फिजिओला फोन केला. तिला वाटलं दुखतंय. म्हटलं नाही, दुखत नाहीये, म्हणूनच केलाय. ती जरा गप्प झाली. मग तिने तिचा नेहमीचा नियम सांगितला, १० पैकी ३-४ पर्यंत दुखलं तरी चालेल पण दुसऱ्या सकाळपर्यंत मूळ पदावर यायला हवं आणि सूज नको, आणि एका रनवरून काही ठरवायचं नाही. आणि मग म्हणाली, "अहो, दुखणं गेलं म्हणजे ताकद आली असं थोडंच आहे. या सर्जरीनंतर पुढच्या मांडीचा स्नायू कितीतरी वर्षं कमी पडू शकतो, मेंदूच त्या पायाला पूर्ण जोर लावू देत नाही."

हे ऐकून मला इतकं हायसं वाटलं की मलाच हसू आलं. म्हणजे अजूनही थोडं त्याचंच आहे! एकदम सगळं माझ्यावर नाही. तिने एका पायावरचे स्क्वॉट्स वाढवून दिले, पण ते सोडा.

जेवणं झाल्यावर कागद घेऊन बसले. माझ्या रेसची कट-ऑफ साडेआठ तास. १.९ किलोमीटर पोहायला ५५ मिनिटं, खांदा रुसला नाही तर. ९० किलोमीटर सायकल ताशी २५ने, तीन तास ३६ मिनिटं. पळायला, आठचे साडेआठ धरू कारण सायकलवरून उतरल्यावर पाय कोणाचे असतात ते ब्रिक, म्हणजे सायकलनंतर लगेच पळायचा सराव, केलेल्यालाच माहीत, तर साधारण तीन तास. मधे कपडे-बूट बदलायला, शोधायला, मोज्यांशी भांडायला १५ मिनिटं. बेरीज सात तास ४६. म्हणजे या पेसनेही पाऊण तास हातात राहतो. दोनदा बेरीज केली, येतंय बरोबर. वारा, ऊन, पंक्चर यातलं काही धरलं नाहीये, पण आज नाही धरणार. हळू तर हळू. हा पेस माझाच असेल तर असू दे, निदान बेरजेत बसतोय.

'हा' मधे येऊन कागद बघून गेला. म्हणाला काही नाही. विचारायचं होतं त्याला, तेव्हा मी खरंच पळायचे का जोरात, की मलाच तसं आठवतंय. नाही विचारलं.

कोचचा रोजचा मेसेज आला होता, 'ताई, गुडघा कसा?' रोज यावर मी चार ओळी लिहिते, कुठे, किती, कधी. आज लिहिलं, 'ठीक. अजिबात दुखला नाही.' लगेच उत्तर, 'भारी! मग बुधवारी इंटरव्हल्स. आता पेसचं बघू.'

थोडं दुखतंय म्हणून कळवायला काय हरकत होती.