ज्याचा घाट त्याचं इंजिन

अमेरिकेतल्या अवाढव्य वाफेच्या मालइंजिनांचे व्हिडिओ हल्ली पोरांच्या मोबाईलवर सारखे दिसतात. बघणाऱ्याला वाटतं, ही धुडं न्यूयॉर्कपासून कॅलिफोर्नियापर्यंत देश पालथा घालत असणार. तसं नव्हतं. यातली बरीचशी इंजिनं ठरावीक घाटासाठी आणि ठरावीक मालासाठी बांधली गेली, आणि बहुतेक आयुष्य तिथेच राबली. मी चिपळूणचा ट्रकवाला. भरलेली गाडी कशेडी आणि परशुराम घाटांतून चढवलेली असल्याने मला हे लगेच उमगलं.

सगळ्यांच्या तोंडी नाव असतं ते युनियन पॅसिफिक रेल्वे कंपनीच्या 'बिग बॉय'चं. १९४१ आणि १९४४ मध्ये मिळून फक्त २५ बांधली. काम कुठलं? युटातल्या ऑग्डेनहून वासाच डोंगर चढून वायोमिंगमध्ये जायचं. तिथला चढ साधारण ८८ फुटांना १ फूट. एरवी या चढाला जोडइंजिन लावायला लागायचं, ते वाचवून एकट्याने ३६०० टनांची गाडी वर न्यावी म्हणून हे इंजिन काढलं. आपल्या कोकण रेल्वेने डोंगर पोखरून चढ १५० फुटांना १ वर ठेवलाय, त्यावरून अंदाज करा. पुढे ही इंजिनं शायान आणि लॅरमी यांच्यामधल्या शेरमन हिलवर गेली. तिथला जुना चढ याहून खडा. १९५९ च्या जुलैपर्यंत ती तिथे माल ओढत होती.

माझा जीव मात्र सदर्न पॅसिफिकच्या 'कॅब फॉरवर्ड' इंजिनांवर आहे. कोलाडहून कोकण रेल्वेच्या रो-रोवर, म्हणजे ट्रक वाहून नेणाऱ्या मालगाडीवर, ट्रक चढवला की आम्ही आपापल्या केबिनमध्येच बसून जातो. डिझेल इंजिन होतं तेव्हा लांब बोगद्यात धूर नाकातोंडात जायचा. सिएरा नेवाडातल्या डॉनर खिंडीत तर बोगद्यांच्या जोडीला रुळांवर मैलोन् मैल लाकडी छपरं होती, बर्फ साचू नये म्हणून. आत वाफेचं मोठं इंजिन शिरलं की ड्रायव्हर-फायरमन गुदमरायचे. मग कंपनीने इंजिनच फिरवलं: केबिन पुढे, धुराडं मागे. कोळसा असता तर हे जमलं नसतं, कारण भट्टी आता टेंडरपासून, म्हणजे जळण-पाण्याच्या मागच्या डब्यापासून, लांब पडली. पण तिथे जळण तेलाचं होतं, दाबाने नळीतून पुढे आणता आलं. इंजिनात बसणाऱ्या माणसाचा एवढा विचार झालेला बघून मला फार बरं वाटतं.

मिनेसोटातली 'यलोस्टोन' इंजिनं मेसाबीच्या खाणींतलं लोहखनिज लेक सुपीरियरच्या धक्क्यांवर आणायची. हिवाळ्यात तलाव गोठला की बोटी बंद, म्हणजे खनिजही बंद. पावसाळ्यात आपले मचवे किनाऱ्यावर ओढून ठेवतात तसंच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यातली काही हिवाळ्यापुरती कोलोरॅडोतल्या रिओ ग्रांदे रेल्वेने मागून नेली होती. वेस्ट व्हर्जिनियातल्या हिंटनहून व्हर्जिनियातल्या क्लिफ्टन फोर्जला कोळसा ओढायला 'अ‍ॅलेगेनी' होती, तिचाही डोंगर ठरलेला.

डिझेल आलं आणि हे सगळं मोडलं. चढ मोठा असेल तर चार डिझेल जोडा, घाट संपला की दोन काढून दुसरीकडे लावा. एका घाटापुरतं बांधलेल्या इंजिनाला हे कसं जमणार? 'बिग बॉय'मधलं ४०१४ दुरुस्त होऊन २०१९ पासून पुन्हा धावतंय, पण मला बघायचंय ते ४२९४. शेवटचं कॅब फॉरवर्ड, सॅक्रामेंटोच्या रेल्वे संग्रहालयात आहे. त्याच्या केबिनमधून समोरचा रूळ कसा दिसतो, ते एकदा उभं राहून बघायचंय.