सगळं नेटवर असताना ग्रंथपाल कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न नेहमीचाच: ‘सगळं नेटवर मिळतं, मग विद्यापीठाच्या ग्रंथालयात तुम्ही दिवसभर करता काय?’ पुस्तकांची देवघेव करतो, वर्गण्यांवरून प्रकाशकांशी भांडतो. ते निदान दिसतं तरी. न दिसणारं काम वेगळंच आहे. ‘या विषयावर आधी कुणीच काम केलेलं नाही’ असं संशोधक लिहितात, ते खरं आहे का, हे आम्ही शोधतो.

एक विद्यार्थिनी प्रबंध जवळजवळ लिहून झाल्यावर संदर्भसूची तपासून घ्यायला आली. पहिल्याच प्रकरणात हे वाक्य. त्या विषयाला पूर्वी दुसरी संज्ञा रूढ होती. ती धरून मी जुन्या छापील सूच्या चाळल्या आणि एक प्रबंध निघाला. तोच प्रश्न, जवळपास तीच पद्धत. स्कॅन कधी झालाच नव्हता, मग नेटवर दिसणार कुठून? मी तो तिच्यापुढे ठेवला. ती बराच वेळ नुसती पानं उलटत राहिली. मग म्हणाली, ‘मॅडम, हा तुम्हाला सापडलाच नसता तर कुणाचं काय बिघडलं असतं?’ दुसऱ्या दिवशी तिचे मार्गदर्शक आले. ‘मागितलेलं पुस्तक द्यावं, संशोधनात लक्ष घालू नये,’ एवढंच बोलले, पण अख्ख्या वाचनकक्षासमोर.

नोकरीला लागले तेव्हा मीही तेच मानत होते. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांतला चौथा, ‘वाचकाचा वेळ वाचवा’. म्हणजे मागितलेलं झटकन हातात द्या, असंच मला वाटायचं. पण तिची वर्षं वाचवायची तर सुरुवातीलाच शोध घ्यायला हवा होता, आणि तेव्हा मला कुणी विचारलंच नाही. हो, याचा राग अजून आहे.

जुनं काम न सापडल्याने काय बिघडू शकतं, त्याचं एक उदाहरण आहे. २००१ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याच्या एका प्रयोगात हेक्झामेथोनियम श्वासातून दिल्यावर एक निरोगी स्वयंसेविका दगावली. त्या औषधाने फुप्फुसांना अपाय होतो असं सुचवणारे लेख १९५० च्या दशकातच छापून आले होते. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीवरचा शोध मात्र तेव्हा १९६६ च्या मागे जात नव्हता.

प्रबंधापायी कुणाचा जीव जात नाही, हे मलाही कळतं. म्हणून तिच्या प्रश्नाला हे उत्तर पुरत नाही. तिने जुन्या कामाशी तुलना करणारं प्रकरण घातलं, पदवी उशिरा मिळाली, आणि ती पुन्हा माझ्याकडे आली नाही. सांगायला नको होतं का? काही दिवस तसंही वाटतं. तरी पुन्हा असं काही सापडलं तर मी सांगेनच. तुम्ही फक्त विषय ठरवतानाच या.