पाच रुपयांचा पुडा
हिंगोली जिल्ह्यातल्या त्या जिल्हा परिषद शाळेत पोचले, तेव्हा 17 सप्टेंबरच्या प्रभातफेरीसाठी मैदानावर लेझीम घुमत होती. मी समावेशित शिक्षणाची, म्हणजे दिव्यांग मुलांना नेहमीच्या शाळेतच शिकवणारी, विशेष शिक्षिका. माझी मुलं तालुकाभर विखुरलेली. इथला माझा विद्यार्थी पाचवीतला, डाउन सिंड्रोम (जन्मतः एक गुणसूत्र जादा) असलेला. तो ओट्यावर बसून पाच रुपयांचा तिखट पुडा खात होता.

"पुडा दिला की गप बसतो बघा," सर म्हणाले. बोलण्यात कुचकेपणा नव्हता, मायाच होती. आमच्या कामात या मायेशीच जास्त झगडावं लागतं.

या मुलांचे स्नायू जन्मतःच सैल असतात. बसल्या जागी शरीराला लागणारी ऊर्जाही कमी, त्यात थायरॉइडचा त्रास बऱ्याच जणांना. अशा मुलाला बसवून ठेवायचं, वर पुडे द्यायचे आणि मग म्हणायचं, "ही मुलं जाडच असतात." जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली दिव्यांग मुलांसाठीही दिवसाला सरासरी तासभर हालचाल सांगितली आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही इतरांच्या बरोबरीने खेळायची संधी लिहिलेली आहे. ओट्यावर यातलं काही पोचलेलं नव्हतं.

"पडला, लागलं, तर जबाबदार कोण?" सरांची भीती अगदीच खोटी नाही. डाउन सिंड्रोममध्ये काही मुलांच्या मानेचा सांधा ढिला असतो. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय कोलांटउडी नको, मानेला हिसका नको. पण लेझीम? वाकायचा प्रकार आला की त्याने उभ्यानेच वाजवायची, एवढं ठरवलं आणि हलकी लाकडी लेझीम हातात दिली. ठेका दरवेळी अर्धा चुकायचा. थोड्या वेळात दमला, खाली बसला, हलगी चढली तसा आपला आपण उठला. शेजारच्या पोरांनी रांग थोडी सरकवून घेतली. कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी आजी आली. "लेकराच्या नशिबाला दुसरं काय सुख हाय माय? खाऊ द्या की."

घरात काय असतं, विचारलं. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, शेंगदाण्याची चटणी, कधी मेथी. जेवणात खोट काढायला जागा नव्हती. गडबड होती मधल्या वेळेत. चुलता, पाहुणे, पारावरचे म्हातारे, जो भेटेल तो त्याला काहीतरी घेऊन द्यायचा. गावानेच लाडावलेला पोरगा. पेरू द्या, केळं द्या म्हटलं. फुटाणे मात्र नीट चावतो का ते समोर बसून बघा, घशात अडकतात. मान आणि थायरॉइड तपासायला जिल्हा रुग्णालयात न्यायचंही ठरलं.

त्याच शाळेत दुसरीत सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा कमी) असलेली एक मुलगी आहे. तिचं दुखणं उलटं: अंगावर मांस नाही, कारण खिचडी अर्धी होते तोवर सुट्टी संपते. तिला पहिल्यांदा वाढायचं, खिचडी मऊ करायची, ताठ बसवून भरवायचं आणि घंटा झाली तरी उठवायचं नाही. स्वयंपाकाच्या मावशी शहाण्या, त्यांना दोनदा सांगावं लागलं नाही.

निघताना आजी माझ्यासोबत थेट दुकानापर्यंत आली. आत डोकावून म्हणाली, "आजपासून याच्या हातात पुडा दिलास, तर मागची सगळी उधारी बुडाली समज."

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला.