सोलर चालू, कंट्रोलर म्हणतो बॅटरी फुल, तरी पहाटे फ्रिज बंद – माझा अनुभव

आमची टेम्पो ट्रॅव्हलर आहे, मागे बेड, छोटं किचन आणि १२ व्होल्टचा फ्रिज, टपावर १६५ वॅटची दोन सोलर पॅनल, आत १५० एएचची (अँपियर-अवर, म्हणजे क्षमता) एजीएम बॅटरी (सीलबंद लेड-अॅसिड) आणि दोघांच्या मध्ये चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर. डिसेंबरात आईबाबांना घेऊन तारकर्लीला गेलो तेव्हा दुसऱ्याच रात्री तीन वाजता फ्रिज लो व्होल्टेजने बंद पडला. एरवी मी सकाळपर्यंत थांबलो असतो पण त्यात बाबांचं इन्सुलिन होतं, त्यामुळे त्या वेळी होमस्टेच्या काकींचं दार वाजवावं लागलं. त्यांनी काही न विचारता डबा घेऊन त्यांच्या फ्रिजमध्ये ठेवला.

सकाळी बॅटरी १२ च्याही खाली. आधी वाटलं माडांची सावली पडतेय, म्हणून गाडी उघड्यावर लावली, पॅनल पुसली. पॅनलचं व्होल्टेज मोजलं तर २१ च्या वर, म्हणजे तिथे काही बिघाड नाही. तरी चार अँपियरच्या वर करंट जाईना, आणि गंमत म्हणजे दहा वाजताच कंट्रोलर अ‍ॅब्सॉर्प्शनला जाऊन बसला (बॅटरी भरत आली की करंट कमी करत नेण्याचा टप्पा), १४.४ व्होल्ट दाखवतोय, म्हणजे त्याच्या मते बॅटरी भरत आलेली. जवळच्या एका बॅटरीवाल्याने न मोजताच सांगितलं की बॅटरी गेली, नवीन घ्या. दोन वर्षांची बॅटरी, मला पटेना. मग त्या रात्री काकींच्या घरून वायर ओढून साध्या चार्जरवर लावली, पूर्ण भरली, आणि पुढच्या रात्री फ्रिज सकाळपर्यंत आरामात चालला. म्हणजे बॅटरी ठणठणीत, तिच्यापर्यंत माल पोचतच नव्हता!

कुडाळचे एक ऑटो इलेक्ट्रिशियन दादा फोनवर म्हणाले, "कंट्रोलरवर किती दाखवतंय ते राहू दे, बॅटरीच्या टर्मिनलवर किती येतंय ते सांगा." मोजलं तर १३.०! एकच वायर आणि दोन टोकांमध्ये १.४ व्होल्टचा फरक. आमचा साधा कंट्रोलर फक्त स्वतःच्या टर्मिनलचं व्होल्टेज बघतो ना, तिथे १४.४ झालं की तो करंट आवरता घेतो, पुढे बॅटरी उपाशी का असेना.

मग त्यांनी सांगितल्याप्रमाणे चार्जिंग चालू असतानाच मीटरची एक पिन त्या वायरवरच्या फ्यूजच्या अलीकडे आणि एक पलीकडे लावली. चांगल्या जोडावर इथे जवळपास शून्य यायला हवं, मला १.२ आलं. फ्यूजच्या होल्डरला हात लावला तर गरम, प्लॅस्टिक पिवळं पडलेलं, आत सगळं हिरवं. गाडी कायम समुद्राकाठी असते, खारी हवा आत शिरली आणि गंज धरला. लक्षात घ्या, करंट नसताना मोजलं असतं तर हा फरक दिसलाच नसता, म्हणूनच आधी दोनदा मोजूनही मला सगळं बरोबर वाटत होतं.

उरलेला ड्रॉप, म्हणजे वाटेत कमी होणारं व्होल्टेज, वायरचा. गाडी बनवून देणाऱ्याने कंट्रोलर ते बॅटरी अडीच स्क्वेअर एमएमची वायर टाकलेली, चार मीटर लांब, जाऊन येऊन आठ. पंधरा अँपियर आले तर एकट्या वायरमध्येच ०.९ व्होल्ट जातात, म्हणजे नुसता होल्डर बदलून भागलं नसतं. याचा मला खरंच राग आला, आपल्याला त्यातलं कळत नाही म्हणून लोक वायरमध्ये पैसे वाचवतात.

दादांनी १० स्क्वेअर एमएमची वायर टाकली, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) नीट पंच केले, नट-बोल्टचा फ्यूज होल्डर बॅटरीच्या अगदी जवळ बसवला आणि वरून ग्रीस लावलं. काढताना आधी पॅनल मग बॅटरी, जोडताना आधी बॅटरी मग पॅनल, हा क्रम त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतला.

दुपारी बाराला १६ अँपियर! दोन टोकांत फरक पाव व्होल्ट. रात्रभर फ्रिज चालवून सकाळी सहाला मोजलं, १२.५. मग काकींकडून इन्सुलिनचा डबा परत आणला.