श्रीलंका, आई आणि न मिळालेलं ट्रेनचं तिकीट

नकाशात बघितलं तर श्रीलंका एवढीशी दिसते. वरपासून खालपर्यंत साडेचारशे किलोमीटर पण नाही, म्हणजे साधारण मुंबई-कणकवली, त्यामुळे मी आणि बायकोने पहिल्याच रात्री एक्सेल उघडून सात दिवसात अख्खा देश बसवून टाकला. जाफना, त्रिंकोमाली, सिगिरिया, कँडी, एल्ला, याला नावाचं अभयारण्य, गॉल, सगळंच. तेव्हा आमच्या डोक्यात नव्हतं की मधला भाग सगळा घाट आहे, तिथे तासाला तीस किलोमीटर झाले तरी देव पावला म्हणायचं, आणि सोबत आई. वय 66, गुडघे दुखरे, उत्साह नको तेवढा.

दुसरा घोळ पावसाचा. आपल्याला एकच पावसाळा माहीत, तिकडे दोन आहेत. मे ते सप्टेंबर नैऋत्येकडून येतो तो पश्चिम आणि दक्षिण किनारा, डोंगर वगैरे भिजवतो, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येकडून येतो तो पूर्व आणि उत्तरेला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कुठेही दुपारी कोसळतो. म्हणजे आमची दिवाळीची सुट्टी बाद. शेवटी फेब्रुवारी 2024 ठरलं, नऊ दिवस, आणि त्रिंकोमाली, जाफना ही सगळी त्या बाजूची नावं मी जड मनाने डिलीट केली. याला अभयारण्य पण काढलं. (आईचं मत, बिबट्या बघायला एवढ्या लांब कशाला, तो आपल्याकडे बोरिवलीला येतो.)

व्हिसाचं त्या वेळी सोपं होतं. मार्च 2024 पर्यंत भारतीयांना फी माफ होती, पण ईटीएचा, म्हणजे प्रवासाच्या परवानगीचा, ऑनलाइन फॉर्म भरावाच लागायचा. त्यात मी आईचं नाव नुसतं नाव-आडनाव असं टाकलं, आणि पासपोर्टवर मधे बाबांचं नाव. सबमिट केल्यावर लक्षात आलं. रात्री झोप नाही. सकाळी परत नवा फॉर्म भरला, पासपोर्टवर अक्षर न अक्षर जसं आहे तसं, आणि तोच प्रिंट करून नेला. एअरपोर्टवर कोणी काही विचारलं नाही, पण माझं बीपी वाढायचं ते वाढलंच.

आता ट्रेन. कँडी ते एल्ला ही ट्रेन म्हणजे आमच्या ट्रिपचं मुख्य कारण. चहाचे मळे, धुकं, दारात लटकलेली माणसं, फोटो बघितले असतीलच. रिझर्व्हेशन महिनाभर आधी उघडतं असं कळलं म्हणून मी अलार्म लावून बसलो, सीट दिसल्या, तिघांची नावं भरली, आणि पेमेंटला आमचं कार्ड चालेना. दुसरं कार्ड, तेही नाही. तिसरं मेव्हण्याचं आणेपर्यंत सीट गेल्या. मग एजंट. त्याने जो भाव सांगितला तो ऐकून बायको म्हणाली एवढ्यात तर कोकणकन्येचा अख्खा कूपे येईल. नको म्हंटलं, बघू तिकडे जाऊन.

तिकडे गेल्यावर तारलं ते ड्रायव्हरने. त्याला आम्ही अय्या म्हणायचो, सिंहलीत मोठा भाऊ. तो आईला अम्मा. वयाने तो माझ्यापेक्षा लहानच असावा पण ते राहू दे. त्याला ट्रेनचं रडगाणं सांगितलं तर तो हसला, म्हणाला कँडीहून चढूच नका. कँडीहून एल्ला सहा-सात तास आहे, बिनरिझर्व्हेशनच्या डब्यात तेवढं उभं राहिलात तर अम्माचे गुडघे एल्लाला पोचायचे नाहीत. नानुओयाला चढा, तिथे बरीच गर्दी उतरते कारण नुवारा एलियाला जाणारे तिथेच उतरतात, आणि खरा बघण्यासारखा पट्टा त्याच्या पुढेच आहे. तिकीट त्याच दिवशी खिडकीवर मिळतं. सामान गाडीत ठेवा, मी रस्त्याने एल्लाला येतो.

एवढी साधी गोष्ट, आणि मी महिनाभर तीन कार्डं घेऊन बसलेलो.

पण त्याआधी सिगिरिया. साधारण 200 मीटर उंच एकच कातळ सरळ जंगलातून वर आलाय, आणि पाचव्या शतकात कश्यप नावाच्या राजाने, बापाला मारून गादी घेतलेल्याने, त्याच्या डोक्यावर राजवाडा बांधला. जवळपास 1200 पायऱ्या. सकाळी गेट उघडतानाच गेलो, पासपोर्ट सोबत ठेवा, सार्क देशांच्या लोकांना तिकिटात सवलत आहे आणि ती पासपोर्ट दाखवल्याशिवाय मिळत नाही. मधे लोखंडी गोल जिन्याने वर गेलं की भिंतीवर अप्सरांची चित्रं आहेत, तिथे फोटो बंदी. त्याच्या पुढे आरसा भिंत. एकेकाळी एवढी घासलेली की म्हणे चेहरा दिसायचा. तिच्यावर हजार-बाराशे वर्षांपूर्वी आलेल्या लोकांनी त्या चित्रातल्या बायकांवर कविता कोरून ठेवल्यात, परणवितान नावाच्या संशोधकाने त्यातल्या 685 वाचून 1956 मध्ये छापल्या. आपल्याकडे किल्ल्यावर बदाम कोरतात त्यांना शिव्या घालणारा मी, इथे कौतुकाने बघत होतो.

पुढे सिंहाच्या शिल्पाचे पंजे आहेत, त्यांच्यापाशी मोठं पटांगण येतं. तिथे बोर्ड आहे की गोंगाट करू नका, गांधीलमाश्या हल्ला करतात. आणि नेमकी तिथेच कॉलेजची सात-आठ पोरं स्पीकर लावून. आईने त्यांच्याकडे जाऊन सरळ मालवणीत सुरुवात केली, "मेल्यांनो, बंद करा ता, गांधील चावतले!" पोरं कुठली होती देव जाणे, पण स्पीकर बंद झाला. मग ती तिथेच सावलीत बसली, म्हणाली तुम्ही जा वर, मी पंजे बघते. आम्ही वर जाऊन तासाभराने आलो तर आई त्याच पोरांची बिस्किटं खात होती.

कँडीला दंतधातूच्या मंदिरात संध्याकाळची पूजा गाठली. बुद्धाचा दात प्रत्यक्ष दाखवत नाहीत, पूजेच्या वेळी दार उघडतं आणि रांगेतून पुढे सरकताना सोन्याची मंजुषा काही सेकंद दिसते. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर. खाली ढोल असा वाजतो की छातीत घुमतो. गर्दी पंढरपूरसारखीच पण ढकलाढकल नाही, लोक निळी कमळं घेऊन गप्प उभे.

खाण्याचं एक सांगायलाच हवं. बायको शाकाहारी, आणि तिला पोल संबोल भयंकर आवडलं. खोवलेला नारळ, लाल मिरची, कांदा, लिंबू. आप्पमबरोबर, डाळीबरोबर, दोन दिवस नुसतं संबोल. तिसऱ्या दिवशी आईने तिच्या ताटातलं चिमूटभर घेऊन हुंगलं आणि म्हणाली, "अगो, ह्येच्यात सुक्या माशाचो वास येता." अय्याला विचारलं तर तो गोंधळून म्हणाला हो, उंबलकड असते ना, वाळवलेला मासा, ती नसली तर संबोल कसलं. बायकोने चमचा खाली ठेवला. त्यानंतर प्रत्येक हॉटेलात पहिला प्रश्न तोच, आणि शाकाहारी असाल तर तुम्हीही विचारा, नुसतं व्हेज म्हणून भागत नाही.

नानुओयाला खिडकीवर सेकंड क्लासची तीन तिकिटं आमच्याकडच्या चहा-वड्याच्या पैशात मिळाली. गाडी पाऊण तास लेट. आली तेव्हा खरंच निम्मा डबा उतरला, आईला लगेच खिडकी, आम्ही दोघं दारात. पट्टीपोला स्टेशन 1900 मीटरच्या आसपास उंचीवर आहे, तिथपर्यंत धुकं आणि चक्क थंडी, मग एक बोगदा येतो आणि पलीकडे लख्ख ऊन. आई म्हणाली हे म्हणजे आपल्या कोकण रेल्वेचा करबुडे बोगदा झाला, अलीकडे पाऊस पलीकडे नाही. हपुतळेच्या आधी एका पोराकडून कोळंबी चिकटवलेले वडे घेतले, शाळेच्या वहीच्या पानात बांधून दिले, पानावर कोणाची तरी गणितं, त्यातलं एक चुकलेलं.

एल्लाला उतरलो आणि तेव्हा कळलं की तो नऊ कमानींचा पूल, 1921 मध्ये दगड-विटांनी बांधलेला, ज्याचे फोटो दाखवून मी आईला इथपर्यंत आणलं, तो एल्लाच्या पुढे देमोदराच्या वाटेवर आहे. म्हणजे गाडी त्यावरून गेली, पण आम्ही त्याआधीच उतरलो होतो. दुसऱ्या दिवशी रिक्षाने गेलो आणि वरून बघितला.

आता भावाला मे महिन्यात जायचंय, त्याला सांगितलंय की उलटी बाजू कर, त्रिंकोमाली, तिथलं कोनेश्वरमचं देऊळ, जमलं तर जाफना, आमचा प्लॅन कॉपी करू नको. आई म्हणते मी पण येते. तिला त्या पुलावरून ट्रेनने जायचंय, आणि तो त्या बाजूला नाही हे सांगायचं काम भावाने माझ्यावर टाकलंय.