टँकरचं पाणी, आषाढातला फेस आणि श्रावणानंतरची पहिली दाढी

ब्रश, साबण आणि सेफ्टी रेझरवाल्या आपल्या जमातीत गप्पा सुरू होतात ब्लेडवरून आणि संपतात रेझरच्या किमतीवर. उन्हाळा सुरू होईपर्यंत माझ्या वहीतही तेच होतं: कोणतं ब्लेड कितव्या दाढीला बोथट झालं, कोणत्या साबणाला चंदनाचा वास जास्त. मेपासून मात्र वहीत पाण्याशिवाय दुसरं काही नाही. नव्याने या छंदात शिरलेले बरेच जण "फेसच टिकत नाही हो" म्हणून महागड्या साबणाकडे वळतात, त्यांच्यासाठी ही नोंद जरा सविस्तर लिहितोय.

मे अखेर

आमची सोसायटी पुण्याच्या हद्दीवर. महापालिकेचं पाणी येतं तेव्हा येतं, बाकी बोअर आणि टँकर. धरणाचं पाणी असलं की मिनिटभरात फेस उभा राहतो. टँकर आला की तोच ब्रश, तीच वडी, तोच हात, आणि फेस दुसऱ्या गालापर्यंत पोचायच्या आत पहिल्या गालावर बसलेला. वाटीच्या कडेला पांढरट, चिकट थर.

हा थर म्हणजे वाया गेलेला साबण. साबण हा मेदाम्लांचा सोडियम किंवा पोटॅशियम क्षार असतो. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असलं की ते साबणाला पकडून न विरघळणारा साका करतात, आणि ते दोघं संपेपर्यंत फेसाच्या वाट्याला काही येत नाही. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर घालतात, त्यामुळेच त्याचा फेस अंगाच्या साबणापेक्षा दाट आणि टिकाऊ असतो. जड पाण्यात नेमका तोच भाग आधी खर्ची पडतो.

टीडीएसचा पेन बहुतेकांच्या घरी असतो, पण तो विरघळलेले सगळे क्षार एकत्र मोजतो, त्यातले साबणाचे वैरी किती ते सांगत नाही. त्यासाठी मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा जडपणा मोजायचा संच आणला. नळीत पाच मिलिलिटर पाणी घ्यायचं आणि बाटलीतलं द्रावण थेंब थेंब टाकून हलवायचं. पाणी आधी नारंगी होतं, मग एका थेंबाला अचानक हिरवं. प्रत्येक थेंब म्हणजे लिटरमागे साधारण 18 मिलिग्रॅम. नळाचं पाणी चौथ्या थेंबाला हिरवं झालं. टँकरचं पाणी वीस थेंब झाले तरी नारंगीच, चोविसाव्याला वळलं. म्हणजे 430च्या आसपास. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 200 ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. प्यायला चालेल असं पाणी फेसाला चालेलच असं नाही, एवढं त्या नळीने स्वच्छ दाखवलं.

जून

उपाय स्वयंपाकघरातच होता. फेसाला पाणी लागतं ते किती? ब्रश भिजवायला अर्धी वाटी आणि फेसात घालायला चार-पाच चमचे. तेवढं आरओचं घ्यायचं. त्याचा रंग पहिल्याच थेंबाला फिरला होता. तोंड धुवायला, रेझर खळबळायला टँकरचंच पाणी चालतं, तिथे फारसं बिघडत नाही. शेवटी चेहऱ्यावर एक तांब्या आरओचं ओतलं की ते कातडं ओढल्यासारखं वाटणंही जातं. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र यासाठी वापरू नका, ते मूळ पाण्यापेक्षाही जड असतं.

आता कृती. रोज करणाऱ्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे गेलं तरी चालेल. ब्रश भिजवून झटकायचा, पण पार कोरडा करायचा नाही. वडीवर तो अर्धा मिनिट गोल फिरवायचा. आधी मोठे बुडबुडे येतात, ते जाऊन टोकांवर घट्ट लेप दिसू लागला की पुरे. मग वाटीत. पहिला चमचा पाणी घातलं की लेप सैल होतो, दुसऱ्याला फुगतो, तिसऱ्याला चमक येते. या चमकेपाशी सगळी गोम आहे. बहुतेक जण दुसऱ्या चमच्याला थांबतात, कारण फेस तेव्हा जाहिरातीतल्यासारखा उंच दिसतो. तो फेस कोरडा असतो आणि ब्लेडला अडवतो. आणखी थोडं पाणी गेलं की तो घुसळलेल्या सायीसारखा खाली बसतो, बोटांच्या चिमटीत चोळला तर बोटं घसरतात, एकही बुडबुडा दिसत नाही. दिसायला कमी, कामाला जास्त.

ज्यांच्याकडे आरओ नाही त्यांनी साबण दुप्पट वेळ चढवावा, किंवा डब्यामागची यादी वाचून टेट्रासोडियम ईडीटीए असलेला साबण निवडावा. हा घटक कॅल्शियमला बांधून ठेवतो. नळीत मिळणाऱ्या साध्या क्रीममध्ये पोटॅशियमचा साबण असतो, तो लवकर विरघळतो आणि नवशिक्याला सोपा जातो. क्रीमने दाढी करणं कमी दर्जाचं मानणारे काही जण आहेत. त्यांच्याकडे दुर्लक्ष करा.

ब्रशबद्दल एकच. डुकराच्या केसांचा ब्रश सुरुवातीला राठ असतो, पाणी धरत नाही. वापराने टोकांना फाटे फुटतात आणि मग तो गालाला मऊ लागतो. टँकरच्या पाण्यात त्याच टोकांवर साका बसून माझा ब्रश परत राठ झाला होता. पातळ व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवून धुतला, मोकळा झाला. प्राण्याचे केस नको असतील त्यांच्यासाठी सिंथेटिक उत्तम आहे: भिजवायला लागत नाही, पावसाळ्यातही संध्याकाळपर्यंत वाळतो.

आषाढ

मृगाचे पहिले पाऊस गच्चीवरची धूळ घेऊन गेल्यावर एका संततधारेच्या दिवशी गच्चीच्या मधोमध स्टीलचं पातेलं ठेवलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "काय रे, गच्ची गळते की काय?" दाढीसाठी पाणी धरतोय म्हटल्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण सोसायटीत आता सगळ्यांना माहीत आहे.

पाणी गाळलं, उकळलं, गार केलं. संचातला पहिला थेंब पडता क्षणी हिरवा. फेस आरओइतकाच झाला, अगदी खरं सांगायचं तर एक तसूही जास्त नाही. म्हणजे पातेल्याचा खटाटोप निव्वळ हौसेपोटी. पण त्या निमित्ताने एक गोष्ट कळली: पाणी इतकं मऊ असलं की साबण खूप कमी लागतो. मेमध्ये जेवढा वेळ वडीवर ब्रश फिरवत होतो त्याच्या निम्म्यात काम होऊ लागलं.

आणि फेस सुधारल्यावर ब्लेड सुधारलं! मेमध्ये ज्या ब्लेडवर "खरखरीत, फेकून द्यावं" असा शेरा मारला होता, तेच पाकीट पुन्हा उघडलं तर चार दाढ्या गुळगुळीत. दाढीचा केस कोरडा असताना चिवट असतो. पाणी शोषून फुगला की तो बराच कमी जोरात कापला जातो, पण त्याला दोन-तीन मिनिटं ओलं राहावं लागतं. आंघोळीनंतर दाढी करा, हा जुना सल्ला यासाठीच. फेस मधेच वाळला तर केसही परत ताठ होऊ लागतो, आणि आपण दोष देतो ब्लेडला.

ब्लेडचा विषय निघालाच आहे तर थोडं यंत्राबद्दल. दुधारी ब्लेड फक्त 0.1 मिलिमीटर जाड असतं, हातात धरलं तर लवतं. किंग कॅम्प जिलेटला अमेरिकेत 1904 साली जे पेटंट मिळालं त्यातली खुबी ही की इतकं पातळ, स्वस्त पातं दोन भागांत दाबून धरायचं, म्हणजे कापताना ते थरथरत नाही. असं पातळ पोलाद कडक करून त्याला धार लावण्याचं तंत्र विल्यम निकरसन या इंजिनिअरने बसवलं. रेझरची मूठ घट्ट आवळली की टोपीखाली ब्लेडला जो बाक येतो, तो बघा. सगळी ताकद त्या बाकात आहे. आपल्या गल्लीतल्या सलूनमध्ये हेच ब्लेड मधोमध मोडून अर्धं वस्तऱ्यात घालतात, त्यामुळे भारतात दुधारी ब्लेड कधी दुर्मिळ झालंच नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात आजही एक ब्लेड चार-सहा रुपयांना मिळतं. तीन-चार पात्यांच्या एका कार्ट्रिजच्या किमतीत वर्षाचा बराचसा भाग निघतो.

पैशांपेक्षा माझ्यासाठी मोठा फायदा मानेचा. दोन पात्यांची कार्ट्रिज 1971 साली आली, तिच्यामागची कल्पना अशी की पहिलं पातं केस ओढून वर काढतं आणि दुसरं तो कापतं. कापलेलं टोक मग कातडीच्या पातळीखाली जाऊन बसतं. केस राठ आणि वळणदार असेल तर ते टोक वाढताना आतच रुततं आणि पुळी येते. एक पातं कातडीच्या पातळीवर कापून थांबतं. ज्यांचे केस सरळ आणि मऊ आहेत त्यांना कार्ट्रिजने काही त्रास होत नसेल, तर त्यांनी खुशाल तीच वापरावी.

श्रावण

आमच्याकडे श्रावण पाळतात, त्यामुळे महिनाभर दाढीला हात नाही. रेझर उघडून, धुऊन, पुसून ठेवला. छंदात खंड पडला असं मित्राला वाटलं, पण वहीसाठी हा महिना सोन्यासारखा होता.

पाच-सहा दिवसांचे खुंट वाढले की केस कोणत्या दिशेने जातात ते स्पष्ट दिसतं. बोट फिरवायचं: ज्या दिशेला गुळगुळीत लागतं ती सुलटी, जिकडे अडकतं ती उलटी. वहीत चेहऱ्याची बाह्यरेषा काढून बाण मारले. गालांवर अपेक्षेप्रमाणे खाली. हनुवटीवर खाली आणि किंचित आत. उजव्या बाजूला गळ्यावर मात्र केस वर जातात, आणि डाव्या जबड्याखाली एक भोवरा आहे, तिथे रुपयाएवढ्या जागेत बाण चारही दिशांना. आजवर "गळ्यावर वरून खाली" हा सरधोपट नियम पाळत होतो, म्हणजे उजव्या गळ्यावर पहिलाच हात उलटा पडत होता. तिथेच लाल पुरळ का यायची ते त्या चित्रात दिसलं.

नवीन मंडळींनी श्रावण पाळो न पाळो, हे चित्र जरूर काढावं. एखादा लांबलेला शनिवार-रविवार पुरतो.

भाद्रपद, गणपतीच्या आधी

महिन्याची दाढी थेट रेझरखाली घ्यायची नाही, केस पात्याच्या फटीत गच्च बसतात. आधी ट्रिमरने खुंटांवर आणली, मग गरम पाण्याचा टॉवेल, मग फेस.

पहिला हात सुलटा, सगळीकडे, चित्र आरशाला चिकटवून. रेझरची टोपी गालाला टेकवायची आणि मूठ हळूहळू खाली आणायची. पातं जिथे केस पकडायला लागतं तो कोन, साधारण 30 अंश, तिथे थांबायचं. जोर शून्य. रेझरचं स्वतःचं वजन पुरतं. लहान लहान हात, एक-दोन इंचांचे, दुसऱ्या हाताने कातडी सपाट धरून. कानाजवळच्या मऊ भागात आवाज बारीक येतो, हनुवटीवर चरचरीत. आवाज अचानक बंद झाला तर कोन सुटला असं समजायचं.

पुन्हा फेस, मग आडवा हात. उलट्या हाताबद्दल माझं मत गल्लीतल्या सलूनवाल्या काकांनी बनवलंय. ते नेहमी विचारतात, "साहेब, उलटी मारू का? मारतो, पण मानेवर नको." तेच धोरण ठेवलं. गालांवर उलटा हात, मानेवर आडव्यावर थांबायचं. मान अगदी काचेसारखी लागत नाही, पण दुसऱ्या दिवशी कॉलर टोचत नाही.

शेवटी तुरटी. ओला खडा चेहराभर फिरवला की जिथे हात जड पडला तिथे झोंबतं. यापेक्षा प्रामाणिक परीक्षक नाही. या वेळी उजवा गळा गप्प होता! डाव्या जबड्याखालचा भोवरा मात्र झोंबला. मिनिटभराने तुरटी धुवायची, तशीच ठेवली तर कातडी कोरडी पडते. वरून खोबरेल तेलाचा एक थेंब. थंडीत मी कोकमतेल वापरतो, गोळा तळहातावर घासून. तेलकट चेहऱ्याच्या लोकांनी त्या वाटेला जाऊ नये.

वापरलेल्या ब्लेडांसाठी झाकणाला चीर पाडलेला पत्र्याचा डबा आहे. कृपा करून ब्लेड कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकू नका. पुण्यात आपला कचरा "स्वच्छ"च्या कचरावेचक बायका हाताने वेगळा करतात, आणि कागद फाडून पातं बाहेर यायला वेळ लागत नाही. डबा भरला की तोंड सीलबंद करून वर मोठ्या अक्षरांत "ब्लेड" लिहून वेगळा हातात द्यायचा. माझा अजून तळाशीच आहे, असे डबे वर्षानुवर्षं भरत नाहीत.

पुढे काय

भोवरा अजून सुटलेला नाही. ब्लेड, साबण, रेझर काहीही न बदलता तिथे फक्त कातडी ओढायची दिशा बदलून बघणार आहे: आधी कानाकडे, मग हनुवटीकडे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर नोंदीला अर्थ राहत नाही.

आणि कोकणातल्या मंडळींना एक विनंती. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ असतं असं ऐकून आहे. कोणाकडे मत्स्यालयाचा संच असेल तर कितव्या थेंबाला रंग फिरला ते कळवा, सोबत साबणाचं नाव आणि ब्रश कोणता तेही. मराठवाड्यातल्या बोअरचे आकडे आले तर फारच छान. माझे चोवीस थेंब तिथे किरकोळ ठरतील असा अंदाज आहे.